लावलं जखमेवर, पोचलं रक्तात : पाण्यात विरघळणाऱ्या एका मलमाचं प्रकरण

मोठ्या भाजण्यातून पहिले दोन-तीन दिवस तरलेला रुग्ण पुढे किडनी बंद पडून दगावला, तर बर्न्स वॉर्डमध्ये कुणी फारसं चक्रावत नाही. कारणांची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. सुरुवातीला सलाइन कमी पडलं असेल, जंतू रक्तात उतरले असतील, शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकने मूत्रपिंडाला दणका दिला असेल. यादी खरी आहे आणि बहुतेक वेळा उत्तर तिच्यातच असतं. म्हणूनच अमेरिकेत शार्लट्सव्हिल इथल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आणि रसायनतज्ज्ञांनी १९८२ साली जे छापलं, ते मला फार मोलाचं वाटतं. डेव्हिड ब्रन्स, डेव्हिड हेरॉल्ड, रिचर्ड एडलिक आणि त्यांचे सहकारी यांनी भाजलेल्या रुग्णांचे जुने केसपेपर पुन्हा उघडले. त्यांतल्या काही रुग्णांच्या रक्ततपासण्यांमध्ये एक विचित्र मेळ होता आणि त्याचा उलगडा नेहमीच्या यादीत नव्हता. तो होता रोज जखमेवर लावल्या जाणाऱ्या जंतुनाशक मलमात. त्यातही मलमातल्या औषधात नव्हे, तर औषध ज्यात कालवलेलं होतं त्या बेसमध्ये.

जखमेवरच्या अँटिबायोटिकांबद्दल बोलताना आपण नेहमी औषधाचंच नाव घेतो. हे प्रकरण सविस्तर मांडतोय ते त्यासाठीच.

मलम नेमकं कसलं

मलम नायट्रोफ्युराझोनचं होतं. आपल्याकडे ते फुरासिन या नावाने पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पिवळंधमक, बोटाला चिकटणारं पण पाण्याने लगेच निघणारं. त्यात नायट्रोफ्युराझोनचं प्रमाण ०.२ टक्के, म्हणजे शंभर ग्रॅम मलमात औषध ०.२ ग्रॅम. उरलेलं जवळजवळ सगळं पॉलिएथिलीन ग्लायकॉल, अर्थात पीईजी.

पीईजी म्हणजे एकाच प्रकारचे दुवे जोडून केलेली साखळी. नावापुढचा आकडा तिचं सरासरी रेण्वीय वजन सांगतो. पीईजी ३०० पातळ द्रव असतं, १००० मेणासारखं मऊ, ४००० घट्ट आणि कोरडं. ही योग्य प्रमाणात एकत्र केली की बोटाने पसरता येईल असा लगदा तयार होतो. व्हॅसलीनसारखा बेस जखमेला धरून बसतो, ड्रेसिंग बदलताना खरवडून काढावा लागतो, आणि भाजलेल्या माणसाला ते खरवडणं असह्य असतं. पीईजीचा बेस पाण्याची धार सोडली की निघून जातो. ही निवड कुणी बेफिकिरीने केलेली नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. रुग्णाचे हाल कमी व्हावेत म्हणूनच ती केली होती.

शिवाय पीईजीचं चारित्र्य निष्कलंक मानलं जाई. आजही ते गोळ्यांत, सिरपांत, क्रीममध्ये असतं. बद्धकोष्ठासाठी पाण्यात विरघळवून प्यायची जी पावडर मिळते ती पीईजीच. तिच्यातले रेणू मोठे असल्याने आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाहीत. धडधाकट कातडीवरही पीईजी काही करत नाही. पण हे सगळे दाखले शाबूत आतड्याचे आणि शाबूत कातडीचे. भाजलेल्या माणसाकडे नेमकी तीच गोष्ट उरलेली नसते.

आता थोडा हिशोब करू. मोठ्या माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण १.७ चौरस मीटर धरतात. ४० टक्के भाजलं असेल तर जखम झाली सुमारे ६,८०० चौरस सेंटिमीटर. तिच्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा म्हटलं, तरी पाऊण किलो मलम लागतं. त्यात नायट्रोफ्युराझोन दीड ग्रॅम. बाकीचं साडेसातशे ग्रॅमला टेकलेलं सगळं बेस. त्यातला वीसातला एक भाग जरी आत शिरला, तरी एका ड्रेसिंगमागे पस्तीस-चाळीस ग्रॅम होतात. हा हिशोब माझा आहे, त्या रुग्णांचा नव्हे. प्रत्यक्षात किती शिरतं ते जखमेगणिक बदलतं. पण कागदावर ‘मलम लावले’ एवढ्या दोन शब्दांत लिहिली जाणारी गोष्ट किती वजनाची असू शकते, ते यातून कळावं. तेवढंच पीईजी कुणी सलाइनमधून द्यायचं ठरवलं असतं, तर दहा जणांच्या सह्या लागल्या असत्या.

कातडीचा पहारा उठतो तेव्हा

बाहेरचं आत जाऊ न देण्याचं काम कातडीचा अगदी वरचा मृत थर करतो. तो १० ते २० मायक्रॉनचा, वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. चपट्या कोरड्या पेशी आणि त्यांच्या मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ, अशी त्याची बांधणी. पाण्यात विरघळणारा मोठा रेणू यातून जात नाही. त्वचारोगतज्ज्ञांमध्ये एक ठोकताळा आहे : रेण्वीय वजन ५०० च्या वर गेलं की शाबूत कातडीतून शिरकाव जवळपास थांबतो. जखमेवरची बरीचशी अँटिबायोटिकं या मापापेक्षा मोठी आहेत. निओमायसिन ६१५ च्या आसपास, बॅसिट्रॅसिन आणि पॉलिमिक्सिन तर हजाराच्या पुढे. शाबूत हातावर ती दिवसभर चोळली तरी रक्तात काही सापडू नये.

भाजल्यावर हा थरच जातो आणि ५०० चा ठोकताळाही त्याच्याबरोबर जातो. खाली उरते ती ओली, रक्तवाहिन्यांनी भरलेली जागा. अर्धवट खोलीच्या भाजण्यात, जिथे फोड फुटून गुलाबी ओलसर पृष्ठभाग दिसतो, तिथे शोषण भरपूर होतं. पूर्ण खोल भाजलेल्या जागी आधी मेलेल्या कातडीची जाड खपली असते आणि तिच्याखाली रक्तप्रवाहही नसतो, म्हणून सुरुवातीला शिरकाव कमी. पण ती खपली काढली आणि खाली लाल दाणेदार नवं मांस उगवू लागलं, की ते रक्तवाहिन्यांचं जाळंच असतं. जखम ‘छान लाल’ दिसायला लागली म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हाच तिची शोषून घेण्याची ताकद वाढलेली असते. हा मुद्दा वॉर्डात फार कमी बोलला जातो.

लहान मुलांत वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ जास्त असतं. तेवढीच टक्केवारी भाजलेल्या मुलाला किलोमागे मोठ्यापेक्षा कितीतरी जास्त मलम बसतं.

रक्ताच्या तीन तपासण्या

त्या रुग्णांच्या रक्तात तीन गोष्टी एकत्र दिसल्या होत्या. प्रत्येकीचं वेगळं स्पष्टीकरण देता येतं. तिन्ही एकत्र आल्या की मात्र सहज देता येत नाही. समजावण्यापुरता मी एक काल्पनिक रिपोर्ट मांडतो. त्यातले आकडे त्या रुग्णांचे नाहीत, पण चित्र त्याच धर्तीचं आहे.

समजा, सोडियम १३८, ग्लुकोज १२६, युरिया नायट्रोजन ५६. रक्तात विरघळलेल्या कणांची संख्या, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, सूत्राने काढता येते : सोडियमची दुप्पट २७६, ग्लुकोज भागिले १८ म्हणजे ७, युरिया नायट्रोजन भागिले २.८ म्हणजे २०. बेरीज ३०३. आता त्याच रक्ताचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा केलेला द्रव, यंत्रात घातलं. हे यंत्र सीरम किती तापमानाला गोठतं त्यावरून कण मोजतं, त्यात कुणाचं नाव-गाव विचारत नाही. त्याने सांगितलं ३२७. फरक २४ चा. दहाच्या आसपासपर्यंत फरक चालून जातो. २४ म्हणजे रक्तात असं काहीतरी भरपूर विरघळलेलं आहे, जे आपण मोजलेल्या पदार्थांत नाही.

दुसरी गोष्ट आम्लता. क्लोराइड ९८ आणि बायकार्बोनेट १४ असेल, तर सोडियममधून या दोघांची बेरीज वजा केल्यावर २६ उरतात. नेहमी ८ ते १२ उरायला हवेत. म्हणजे रक्तात अनोळखी आम्लं साठली आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत बोलकी. भाजलेल्या रुग्णाचं अल्ब्युमिन जखमेवाटे वाहून जातं आणि खूप खाली येतं. रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून फिरतं, तेव्हा अशा रुग्णाचं एकूण कॅल्शियम कमीच यायला हवं, आठच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. इथे ते वाढलेलं होतं. समजा ११.८ आलं. एवढ्यावर कुणीही म्हणेल की कॅल्शियम वाढलंय. पण आयनीकृत कॅल्शियम, म्हणजे कशालाही न चिकटलेलं, स्नायू आणि हृदय प्रत्यक्षात वापरतं ते, मोजलं तर ते कमी! एकूण जास्त, मोकळं कमी. याचा अर्थ रक्तात कॅल्शियमला धरून ठेवणारं काहीतरी आलंय आणि ते अल्ब्युमिन नाही.

एकूण कॅल्शियम वाढलंय म्हणून ते उतरवायचे उपाय सुरू केले, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत. मोकळं कॅल्शियम आधीच कमी असताना ते आणखी खाली जाईल, आणि त्याचा पहिला फटका हृदयाला बसेल. त्या काळी आयनीकृत कॅल्शियम सर्रास मोजत नसत. आज बहुतेक अतिदक्षता विभागांत रक्तवायूंच्या यंत्रावरच तो आकडा मिळतो, पण एकूण कॅल्शियमच्या शेजारी ठेवून तो वाचायची सवय अजूनही सगळीकडे नाही.

दुसरी कारणं का पुरेशी नव्हती

आम्लता तर भाजण्यात येतेच, असं कुणी म्हणेल. येते. जंतुसंसर्गाने लॅक्टिक आम्ल वाढतं. किडनी थकली की आम्लं साठतात. मॅफेनाइड नावाचं भाजण्यावरचं आणखी एक क्रीम आहे. ते जखमेतून शोषलं जातं आणि कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर रोखून आम्लता आणतं. बर्न्स सर्जनना हे चांगलं माहीत होतं. म्हणजे लावलेलं औषध रक्तात जाऊन त्रास देऊ शकतं ही कल्पना नवी नव्हती. पण मॅफेनाइड ऑस्मोलॅलिटीची एवढी तफावत आणत नाही, आणि कॅल्शियमला धरूनही ठेवत नाही. लॅक्टिक आम्लाने कॅल्शियमचा असा दुहेरी घोळ होत नाही. नुसत्या किडनी फेल्युअरमध्ये एकूण कॅल्शियम सहसा उतरतं, चढत नाही.

तरीही जुन्या केसपेपरांवरून काढलेला निष्कर्ष लंगडा असतो. अशा रुग्णाला एकाच वेळी दहा गोष्टी झालेल्या असतात आणि वीस गोष्टी दिलेल्या असतात. या संशोधकांबद्दल मला आदर वाटतो तो इथे, कारण ते केसपेपरांपाशी थांबले नाहीत.

त्यांनी सशांच्या अंगावर उघड्या जखमा करून त्यांवर पीईजीचा बेस पुनःपुन्हा लावला. सशांना भाजलेलं नव्हतं, धक्क्यात गेलेलं रक्ताभिसरण नव्हतं, शिरेतून चाललेली दहा औषधं नव्हती. तरी तेच चित्र उमटलं : एकूण कॅल्शियम वर, ऑस्मोलॅलिटीत तफावत, अनोळखी आम्लांची आम्लता, निकामी होणारी किडनी. दुसरीकडे रुग्णांच्या नमुन्यांत पीईजीपासून बनणारी आम्लं रासायनिक पद्धतीने ओळखली गेली. तिसरीकडे दगावलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत नलिकांच्या पेशी मेलेल्या आढळल्या. तीन वेगवेगळ्या वाटांनी निघालेले पुरावे एकाच ठिकाणी येऊन मिळाले. एखादी वाट चुकीची असू शकते. तिन्ही एकाच वेळी चुकण्याची शक्यता मला फार थोडी वाटते.

याचा अर्थ हे मलम लावलेला प्रत्येक भाजलेला रुग्ण असा आजारी पडला, असं मुळीच नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची जखम मोठी होती, मलमाचा वापर पुनःपुन्हा झाला होता, आणि किडनीला इतर कारणांनीही मार बसायची शक्यता होती. संख्याही थोडी होती. प्रकरणाचं वजन संख्येत नाही, यंत्रणेच्या उलगड्यात आहे.

शरीरात गेल्यावर

पीईजीच्या लहान साखळ्या, विशेषतः ३०० च्या मापाच्या, जखमेतून सहज शिरतात. साखळीच्या दोन्ही टोकांना अल्कोहोलसारखा गट असतो. दारूचं विघटन करणारं यकृतातलं विकर, अल्कोहोल डिहायड्रोजनेज, या टोकांवरही काम करतं आणि शेवटी तिथे आम्लाचा गट तयार होतो. एका टोकाला झाला तर एक-आम्ल, दोन्ही टोकांना झाला तर द्वि-आम्ल. द्वि-आम्ल कॅल्शियमला दोन्ही बाजूंनी पकडतं. मोकळं कॅल्शियम कमी झाल्याचं कळताच पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून आणखी कॅल्शियम काढते, तेही पकडलं जातं, आणि एकूण आकडा चढत जातो. वर पाहिलेल्या कोड्याचं हे उत्तर. तीनही तफावतींमागे पीईजी आणि त्याची आम्लंच आहेत.

बाहेर पडायचा मार्ग मूत्रपिंड. आणि मार पडतो तोही मूत्रपिंडावर. लघवी कमी झाली की पीईजी साठतं, साठलं की आणखी आम्लं बनतात, त्यांनी किडनी आणखी खचते. दरम्यान ठरलेल्या वेळेला ड्रेसिंग बदललं जातं आणि ताजं मलम लागतं. रुग्ण खालावतोय, जखमेत जंतू असतील, म्हणून जास्त काळजीने, जास्त जाड थर दिला जातो. या सगळ्यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, हेच जास्त अस्वस्थ करणारं आहे.

त्या आम्लांपैकी एकाचं नाव डायग्लायकोलिक आम्ल. महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थांबायला हवं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण किडनी बंद पडून गेले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली आणि औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतचं सगळं जाळं उघडं पाडलं. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या सिरपात हेच द्रव वापरल्यामुळे शंभराहून जास्त माणसं मेली होती. डायएथिलीन ग्लायकॉल शरीरात गेलं की त्याचं डायग्लायकोलिक आम्ल होतं, आणि मूत्रपिंडाच्या नलिका मारणारं ते तेच, हे बऱ्याच पुढे, २०१० नंतरच्या संशोधनात स्पष्ट झालं. जे. जे.मध्ये भेसळ होती आणि औषध पोटात दिलेलं होतं. व्हर्जिनियात बेस शुद्ध होता, मान्यताप्राप्त होता आणि तो कातडीवर लावलेला होता. वाटा वेगळ्या, पण मूत्रपिंडापाशी पोचलेलं आम्ल एकच. औषधशास्त्र शिकणाऱ्या मुलांना ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून शिकवायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

बेसचा असाच आणखी एक दाखला लवकरच आला. १९८५ साली अमेरिकेतून आठ महिन्यांच्या एका बाळाची नोंद छापून आली. मोठ्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम लावलं जात होतं आणि रक्ताची ऑस्मोलॅलिटी अवाच्या सवा वाढली. शोषलं गेलं होतं ते क्रीममधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल. पुन्हा औषध बाजूलाच.

आणि खुद्द अँटिबायोटिक?

ते निर्दोष सुटतं असं नव्हे. निओमायसिन १९४९ मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समन आणि ह्युबर्ट लेशव्हालिए यांनी शोधलं. इंजेक्शन म्हणून ते फार विषारी ठरलं, कारण ते मूत्रपिंडाला आणि कानाला मारतं. तोंडाने घेतलं तर आतड्यातून जेमतेम तीन टक्के शोषलं जातं. म्हणून त्याचा मुक्काम मलमांत आणि पावडरींत पडला. तिथे ते सुरक्षित आहे, जोवर जखम लहान आहे तोवर.

१९७८ साली इंग्लंडमधल्या बालरोगाच्या एका मान्यवर नियतकालिकात सहा लहान मुलांची हकिगत छापून आली. भाजलेल्या जागेवर निओमायसिन असलेला अँटिबायोटिकांचा फवारा मारला गेला होता आणि मुलं बहिरी झाली. कानाच्या आतल्या शंखात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी असतात. निओमायसिन त्यांच्यात शिरून त्यांना मारतं, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून मोठ्या माणसाच्याही चटकन लक्षात येत नाही. जे मूल अजून बोलायला शिकलेलं नाही, ते ऐकू येत नाही हे सांगणार कसं? जखमा भरून मूल घरी जातं, आणि पुढे कधीतरी घरच्यांना जाणवतं की हाक मारली तरी ते वळून बघत नाही. काही घराण्यांत आईकडून आलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकात १५५५ व्या जागी एक बदल असतो. अशांना निओमायसिनच्या गटातल्या, म्हणजे अमिनोग्लायकोसाइड, औषधाची थोडी मात्राही बहिरं करू शकते.

अमेरिकेत निओमायसिनच्या मलमांच्या माहितीपत्रकात एक सूचना असते : अंगाचा २० टक्क्यांहून जास्त भाग भाजला असेल, आणि विशेषतः किडनी कमजोर असेल किंवा याच गटातलं दुसरं अँटिबायोटिक चालू असेल, तर दिवसातून एकदाच लावा. त्यातला ‘दुसरं अँटिबायोटिक चालू असेल’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिरेतून जेंटामायसिन किंवा अमिकासिन चाललंय, त्याचे डोस किडनी पाहून मोजूनमापून दिले जाताहेत, आणि जखमेवर त्याच्याच भावंडाची पावडर भुरभुरली जातेय. तिचा हिशोब कुठेच नाही.

आपल्या घरांत, आपल्या वॉर्डांत

मराठी घरातल्या औषधाच्या डब्यात सोफ्रामायसिनची ट्यूब हमखास असते. त्यातलं फ्रामायसेटिन म्हणजे निओमायसिन बीच, प्रमाण एक टक्का. नेबासल्फ किंवा निओस्पोरिनची पावडर असते, त्यांतही निओमायसिन. कापलं, खरचटलं, इस्त्रीचा चटका बसला म्हणून बोटभर मलम लावलं तर या लेखातली कुठलीही भीती तिथे लागू नाही, हे स्पष्ट सांगतो. घाबरून ट्यूब फेकू नये. भाजल्याबरोबर मात्र मलम, टूथपेस्ट, शाई, हळद यातलं काहीच नको. आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. आणि अंगावर गरम पाणी किंवा चहा सांडलेल्या लहान मुलाच्या बाबतीत, मुलाच्या स्वतःच्या तळहाताएवढी जागा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, हे माप लक्षात ठेवावं. तशा काही तळहातांएवढी जखम असेल, तर घरी मलमाचे थर देत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

माझी खरी काळजी वेगळ्या माणसाची आहे. साठी उलटलेला मधुमेही, पायावर महिनोन् महिने न भरणारी जखम, रक्तातलं क्रिएटिनिन दोनच्या पुढे, म्हणजे किडनी कमजोर झालेली. त्याला भाजलेलं नाही, म्हणून बर्न्सचे नियम कुणाला आठवत नाहीत. रोज घरी सून नाहीतर मुलगा ड्रेसिंग करतो आणि जखमेत ट्यूब पिळतो. क्षेत्रफळ लहान आहे, त्यामुळे व्हर्जिनियासारखं चित्र उभं राहण्याची शक्यता फार कमी. पण जखम लाल, दाणेदार, रक्ताने भरलेली आहे आणि बाहेर टाकायची वाट अर्धी बंद. म्युपिरोसिनच्या मलमाचं उदाहरण घ्या. त्यातलं औषध रक्तात गेलं तरी लगेच निकामी होतं, म्हणून ते फार सुरक्षित समजलं जातं आणि समजावंही. तरी त्याच्या माहितीपत्रकात ठळक इशारा आहे : बेस पीईजीचा आहे, उघड्या जखमेतून तो शोषला जातो आणि किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून जिथे मोठ्या प्रमाणात शोषण होऊ शकतं तिथे, विशेषतः किडनी बरीच बिघडलेली असताना, हे मलम वापरू नये. पोव्हिडोन आयोडीनच्या बऱ्याच मलमांचा बेसही पीईजीच असतो, आणि त्यात आयोडीनच्या शोषणाचा, म्हणजे थायरॉइडचा, प्रश्न वेगळा.

किडनीच्या रुग्णाची औषधं तपासताना डॉक्टर गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून एकेक पाकीट बघतात. त्या पिशवीत ट्यूब सहसा नसते, कारण ‘ते काय, वरून लावायचं आहे.’ ती मागून घ्यायला हवी. किती दिवसांत एक ट्यूब संपते, हे विचारायला हवं. नर्सिंगच्या नोंदीत मलमाचं नाव असतं, वजन नसतं. मोठ्या जखमेत तेही लिहिलं जावं : किती ग्रॅम, दिवसातून किती वेळा. लघवी कमी होऊ लागली की त्या दिवशी शिरेतल्या औषधांबरोबर जखमेवरच्या औषधाचाही फेरविचार व्हावा. मलम धुऊन काढून बेस बदलणं हा तर वॉर्डातला सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

आता घरातली एखादी ट्यूब हातात घेऊन पाहा. घटकांच्या यादीत औषधाचं नाव आणि टक्केवारी दशांशापर्यंत छापलेली असते. त्याखाली बहुतेकदा नुसतंच ‘बेस’ आणि पुढे ‘क्यू. एस.’ अशी दोन अक्षरं, म्हणजे भरतीला लागेल तेवढा. कशाचा बेस, ते बऱ्याच ट्यूबांवर नसतं. नायट्रोफ्युराझोनच्या ट्यूबवर औषध ०.२ टक्के लिहिलेलं असतं आणि ९९.८ टक्क्यांची बोळवण त्या दोन अक्षरांत झालेली असते. त्या जागी पूर्ण नाव छापायला कंपनीला शाईचा फारसा खर्च येणार नाही. तोवर मोठी जखम असेल, किंवा घरात किडनीचा रुग्ण असेल, तर केमिस्टला विचारावं : हे पाण्याने धुतलं जाणारं आहे का, पीईजीचं आहे का, याच औषधाचं दुसऱ्या बेसमधलं क्रीम मिळतं का? म्युपिरोसिनचं मिळतं.